गच्चीवरचा लाल ठिपका

चि. सोनू,


तुझा मेसेज वाचला. फोनवर सांगत नाही, लिहितो. कारण फोनवर तू मध्येच "कळलं आबा" म्हणतेस आणि मला बरोबर कळतं की काही कळलेलं नाही.

गच्चीवरून समोरच्या विंगेत लेझरनं गाणं पोचवायचा तुमचा बेत झकास आहे. पण ठिपका सोलर सेलवर टिकत नाही, आणि रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला तर नुसता नाचतो, असं लिहिलंयस. साठ मीटरवर पॉइंटर एक अंश ढळला तर ठिपका मीटरभर सरकतो. तुझा सेल तळहाताएवढा. तेव्हा लेझरला नावं ठेवू नकोस.

मी उभी हयात मायक्रोवेव्हच्या डिश जुळवण्यात घालवली. सह्याद्रीत एका डोंगरावर मी, पस्तीसेक किलोमीटरवर दुसऱ्या डोंगरावर जोडीदार. तीन मीटरच्या डिशचा झोत साधारण एक अंश रुंद. पान्यानं नट पाव फेरा फिरवायचा, मीटरचा काटा बघायचा आणि वॉकीटॉकीवर ओरडायचं. एकदा काटा छान चढला, पुढं नेला की उतरायला लागला. म्हणजे शिखर सापडलं! नट आवळून खाली आलो, चहा घेतला, तर सिग्नल हिशोबापेक्षा कितीतरी कमी. मुख्य झोताच्या शेजारी बारके झोत असतात, त्यातल्याच एकावर आम्ही मुक्काम ठोकला होता. पुन्हा टॉवरवर! तेव्हापासून शिखर सापडलं असं वाटलं की मी दोन्ही अंगांना आणखी लांबवर हिंडून येतो. मात्र एकदा नीट आवळलेली डिश वर्षानुवर्षं तशीच राहायची. लेझरवाल्यांच्या नशिबी ते सुख नाही.

नासाच्या सायकी यानावरच्या लेझरनं संदेश पाठवायच्या प्रयोगाचंच बघ. ११ डिसेंबर २०२३ ला त्या यानानं ३ कोटी १० लाख किलोमीटरवरून एक व्हिडिओ पाठवला, सेकंदाला २६७ मेगाबिट वेगानं. व्हिडिओत काय, तर टेटर्स नावाचा बोका लेझरच्या ठिपक्यामागं धावतोय. (शास्त्रज्ञांना विनोदाचं वावडं असतं असं तुझी आजी म्हणायची.) यानावरची दुर्बीण २२ सेंटिमीटरची. तिचा झोत आमच्या डिशच्या झोताच्या दोन हजाराव्या हिश्शाहून बारीक. एवढं अंतर तोडून तो पृथ्वीवर पोचला तेव्हा दोनेकशे किलोमीटर पसरलेला होता. ऐकायला ऐसपैस वाटतं, पण तिकडून नेम धरणाऱ्याला विचार.

यानाला पृथ्वी नेमकी कुठं आहे हे कळावं म्हणून कॅलिफोर्नियातल्या टेबल माउंटनवरून त्याच्याकडे एक लेझर रोखत. यानावरचा कॅमेरा त्यातला एकेक फोटॉन टिपायचा आणि त्या खुणेवर दुर्बिणीचा नेम बसवायचा. गंमत पुढं आहे. खुणेचा उजेड त्या रात्री १०१ सेकंद शिळा होता, आणि उत्तर पोचायलाही तेवढाच वेळ. तोवर पृथ्वी पुढं गेलेली. म्हणून नेम दिसणाऱ्या खुणेवर न धरता थोडा पुढं धरायचा, दोघांचे वेग हिशोबात घेऊन. धावत्या एसटीतून दुसऱ्या धावत्या एसटीत डबा फेकावा तसा. शिवाय यान स्वतः थरथरतं. ते थरथरणं दुर्बिणीपर्यंत जाऊ नये म्हणून ती कंपनं गिळणाऱ्या दांड्यांवर बसवलीय. इतकं करून हाती लागायचे मोजके फोटॉन. ते गोळा करायला पालोमार वेधशाळेची ५.१ मीटरची हेल दुर्बीण लागायची.

जमिनीवरही हे चालतं. काँगो नदीच्या दोन तीरांवर ब्राझाव्हिल आणि किन्शासा समोरासमोर आहेत, पण केबल न्यायची तर चारशेहून अधिक किलोमीटरचा वळसा. 'तारा' नावाच्या प्रकल्पानं २०२१ मध्ये ४.८ किलोमीटरचा प्रकाशझोत सरळ नदीवरून नेला. टॉवर वाऱ्यानं हलला की यंत्रातले आरसे हलून झोत जागेवर आणतात. आमच्या घाटात मात्र आषाढातल्या धुक्यापुढं यांची डाळ शिजायची नाही. तिथं आपला मायक्रोवेव्हच बरा, हे मी म्हातारपणाच्या हट्टानं म्हणत नाही.

आता तुझं काम. एका सेलऐवजी चार छोटे सेल खिडकीच्या चार तावदानांसारखे चिकटव. ठिपका मधोमध असला की चौघांना सारखा उजेड. उजवीकडं सरकला की उजव्या जोडीचा व्होल्टेज वाढेल. पॉइंटरपुढं एक आरसा लाव आणि तो फरक मोजून दोन सर्वो मोटरींनी आरसा उलट दिशेला हलव. आधी एका भिंगानं झोत थोडा पसरट कर, म्हणजे चारी सेलवर पडेल. समोर कुणाचे डोळे येणार नाहीत एवढी उंची ठेव, हे आधी.

आणि एक. तू पॉइंटर टाकीच्या लोखंडी स्टँडला बांधलायस, फोटोत दिसतंय. वॉचमनला विचार, पाण्याचा पंप किती वाजता लावतो.

तुझा,
आबा