नसलेल्या गायिकेनं फसवलं?

हात्सुने मिकू २००७पासून सोळा वर्षांचीच आहे. ती म्हणजे जपानमधल्या सापोरोच्या एका कंपनीचं गाणारं सॉफ्टवेअर. आवाज साकी फुजिता या अभिनेत्रीच्या ध्वनिमुद्रणांतून घडवलेला. तरी २०१४पासून ‘मिकू एक्स्पो’ या नावानं तिचे जगभर दौरे होतात. पारदर्शक पडद्यावर मिकू, सोबत हाडामांसाचे वादक.

२०२४च्या उत्तर अमेरिका दौऱ्यात त्या पडद्याऐवजी साधा एलईडी स्क्रीन आला आणि चाहते भडकले. आमची फसवणूक झाली, म्हणाले.

बाहेरच्याला हसू येईल. गायिका तशीही नव्हतीच, मग गेलं काय? फक्त तिकिटाचे पैसे?

नाटकात मेलेला राजा शेवटी उठून नमस्कार करतो, तेव्हा त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. ते खोटं नट आणि प्रेक्षक दोघांनी मिळून सांभाळलेलं असतं. मिकूची कितीतरी गाणी चाहत्यांनीच रचलेली आहेत. त्यांनी आपला वाटा केव्हाच उचलला होता. त्या सपाट स्क्रीनमधून त्यांना एवढंच ऐकू आलं: नाहीतरी ती खोटीच.

एकत्र जपलेलं खोटं एकानं परस्पर सोडून दिलं, तर त्यालाही फसवणूकच म्हणावं लागेल.