वस्तूची साक्ष आणि घराण्याची आठवण

घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या वस्तूविषयीं जी हकीगत सांगितली जाते ती खोटी ठरविण्याचा अधिकार परक्यास आहे काय, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंतील एखाद्या घराची कल्पना करावी. कपाटांत वीतभरही रुंद नसलेलें एक काळें लांकडी विमान आहे. आजोबांनीं दुसऱ्या महायुद्धांत जें चालविलें त्याचीच ही प्रतिकृति, असें घरांतील वृद्ध आत्या सांगत आल्या आहेत. एके दिवशीं नातू त्याचीं चारदोन छायाचित्रें काढून एका जाणत्याकडे पाठवितो व विमानाचें नांव विचारतो.

अशा काळ्या विमानांची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. 1942 च्या आरंभीं अमेरिकेच्या आरमारानें शाळाशाळांतील मुलांकडून पांच लाख प्रतिकृति करवून घेण्याची योजना हातीं घेतली. प्रमाण बहात्तरास एक. म्हणजे पस्तीस फुटांवरून प्रतिकृति जशी दिसे, तसेंच खरें विमान सुमारें अर्ध्या मैलावरून दिसावयाचें. रंग काळा, कारण दुरून आकाशांत रंग कळत नाहीं, केवळ आकृति कळते. स्वपक्षाच्या विमानांबरोबर जर्मनी व जपान यांचींही विमानें मुलांनीं घडविलीं, आणि त्यांवरून सैनिकांस शत्रुमित्र ओळखण्याचें शिक्षण मिळालें. तें किती अवश्य होतें हें इंग्लंडनें आधींच अनुभविलें होतें. युद्ध पुकारल्यावर तिसऱ्याच दिवशीं, 6 सप्टेंबर 1939 रोजीं, इंग्रजांच्या स्पिटफायर विमानांनीं इंग्रजांचींच दोन हरिकेन विमानें पाडलीं व एक तरुण वैमानिक प्राणास मुकला.

छायाचित्र ही साक्ष खरी, पण उलटतपासणीवांचून घेऊं नये अशी. समोरून जवळून काढलेल्या चित्रांत नाक फुगतें व पंख आखडतात. बरोबर वरून काढलेलें एक चित्र आणि शेजारीं ठेवलेली फूटपट्टी यांचें मोल दहा सुंदर चित्रांहून अधिक. स्पिटफायरच्या पंखांचा विस्तार 36 फूट 10 इंच, म्हणजे प्रतिकृतींत सहा इंचांहून किंचित्‌ अधिक, आणि पंख लंबवर्तुळाकार. जर्मनांच्या मेसरश्मिट 109 चा ई हा प्रकार प्रतिकृतींत साडेपांच इंचांच्या आंतच राहतो. त्याच्या पंखांचीं टोकें चौकोनी, व शेपटीच्या आडव्या पंखांस खालून तिरपे टेकू.

आतां समजा, पट्टीवर साडेपांचही भरत नाहींत आणि टेकू स्पष्ट दिसत आहेत. आजोबांचें म्हणून जपलेलें विमान शत्रूचें निघालें! कित्येक सहृदय माणसें म्हणतील कीं, जाणत्यानें येथें गप्प बसावें. म्हाताऱ्या माणसाचें समाधान हिरावण्यांत कसलें पांडित्य? आम्हांस हें पटत नाहीं. ज्यानें विचारलें त्यास खरें उत्तर मिळालेंच पाहिजे. त्यास गोड लागेल तें सांगणें म्हणजे त्यास अजाण बालक समजणें होय. शिवाय त्या काळच्या एखाद्या शाळकरी मुलानें शत्रूच्या पंखाची कड नमुन्यास तंतोतंत जुळेपर्यंत घासली असेल, तर त्या घासण्यावर परक्या मुलुखांतील अनोळखी माणसांचे प्राण अवलंबून होते. ही गोष्ट मूळच्या हकीगतीहून हलकी कां मानावी?

परंतु जाणत्यांस नांव सांगण्याची हौस नांवें ठेवण्याच्या हौसेइतकीच दांडगी असते, आणि तिला लगाम हवा. छायाचित्रावरून विमान कोणतें हें ठरतें. तें कोणाच्या हातचें, घरांत कसें आलें, हें ठरत नाहीं. आजोबांनीं हें विमान चालविलें नाहीं एवढेंच म्हणावें; त्यावरून आजोबा वैमानिकच नव्हते असें म्हणणें हा तर्काचा अतिरेक झाला. त्यांनीं तें शाळेंत घडविलें असेल, छावणींत त्यावरून धडे घेतले असतील, किंवा बाजारांतून विकतही आणलें असेल.

राहतां राहिल्या आत्या. त्यांस निकाल ऐकवावा कीं नाहीं हें नातवानें पाहावें. तो आमचा विषय नव्हे. मात्र नांव सांगण्यापूर्वीं त्यानें त्यांच्याजवळ बसून विमान प्रथम केव्हां पाहिलें, कोणाच्या हातांत पाहिलें, हें विचारून घ्यावें, आणि विमानाच्या नांवाच्या चिठ्ठीशेजारीं त्यांचें म्हणणेंही त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवावें.