न दिलेलं

आमच्या घरी रोज संध्याकाळी वंदना होते. आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून. वंदनेतल्या पंचशीलातलं दुसरं शील म्हणजे चोरी करू नये, एवढंच मी धरून चाललो होतो. पालीतला शब्द मात्र ‘अदिन्नादान’ : जे दिलेलं नाही, ते घेणं. तो चोरीपेक्षा किती रुंद आहे, ते एका सर्व्हरपायी कळलं.

आम्ही अकरा मित्र, कॉलेजपासूनचे. आपलं बोलणं कुठल्या कंपनीच्या दारात नको, म्हणून २०२१मध्ये मी भाड्याच्या मशीनवर मॅट्रिक्स या चॅट-व्यवस्थेचा सिनॅप्स सर्व्हर उभा केला. त्याला एक रविवार लागला, सांभाळणं रोजचं. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांत संपतं, ते आपोआप नवं झालं नाही की सगळ्यांचे फोन मुके. लग्नांचे व्हिडिओ डिस्क भरून टाकतात. बॅकअपही डेटाबेसचा वेगळा, फोटोंच्या फोल्डरचा वेगळा. हे सगळं सवयीने जमतं.

गेल्या वर्षी आमच्यातला एक अचानक गेला. महिन्याभराने वहिनींचा फोन आला. “भाऊजी, त्यांचं बोलणं तुमच्याकडे आहे ना? मला वाचायचंय.”

होतं आणि नव्हतं. एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनमुळे मजकूर उघडायच्या किल्ल्या त्याच्या फोनात, फोन लॉक, आणि रिकव्हरी की त्याने कुठे लिहून ठेवली ते कुणालाच ठाऊक नाही. त्याचा पासवर्ड मी बदलू शकतो, पण त्याने जुनं काही वाचता येत नाही.

तरी सर्व्हरचा डेटाबेस, पोस्टग्रेस, उघडून बसलो. एकेका ओळीत पाठवणारा, रूम, मिलिसेकंदापर्यंतची वेळ आणि पुढे अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची लांबलचक रांग. खाली जाता जाता दिसलं, शेवटचे तीन आठवडे तो रात्री दोन-अडीचला एकाच मित्राशी बोलत होता. रोज. एक अक्षर न वाचता मला कळलं की त्याला झोप नव्हती, आणि हे त्याने मला सांगितलं नव्हतं.

मी काही फोडलं नव्हतं. निरोप पोचवायचा तर कुणाचा, कुठे, कधी हे सर्व्हरला लागतंच. ते माझ्या ताब्यात आधीपासून होतं. मग दोष कशात? भिक्खूंच्या विनयात चोरी ठरवताना घेणाऱ्याचं मन पाहतात. वहिनींसाठी शोधत होतो तोवर माझं मन साफ होतं. पण ती वेळ दिसल्यावर मी थांबलो नाही, आणखी मागे मागे गेलो. त्या शोधात वहिनी कुठेच नव्हत्या. त्याने मला का सांगितलं नाही, हे मला हवं होतं. तिथे मी घेतलं.

ग्रुपवरचं बोलणं माझ्या फोनवर वाचता येत होतं. बाकी नऊ जणांना विचारून ते वहिनींना दिलं. रात्रीच्या वेळांबद्दल त्यांना काही बोललो नाही. जे माझ्याकडे यायला नको होतं, ते पुढे वाटणार कसं? त्या मित्राला मात्र फोन केला. त्या रूममधल्या दोघांपैकी तो उरला होता. द्यायचं की नाही, ते त्याचं. मी काय पाहिलं तेही त्याला सांगितलं.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “वहिनी घरी कधी असतात?”