मधली मोकळीक

या मननाला डोळे मिटायचे नाहीत. उन्हं उतरली की गच्चीवर या आणि समोर बघा. घाई नाही. कठड्याला टेकलात तरी चालेल, फक्त सिमेंट अजून तापलेलं असेल.

तुम्ही उभे आहात ती शाळा. समोर ओढ्यापलीकडे फिकट पिवळं दिसतं ते मुलांचं वसतिगृह. मधलं अंतर ८०० मीटर. शाळेत इंटरनेट आहे, तिकडे नाही. केबल ओढ्यातून न्यावी तर पहिल्या पुरात जाईल, झाडांवरून न्यावी तर माकडं आहेत. म्हणून हवेतून. दोन गच्च्यांवर दोन लहान डिश, एकमेकींकडे तोंड करून. काम एवढंच. मी ते घाईत केलं होतं, आणि म्हणून तीनदा केलं.

आधी नुसतं बघा. वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीची काळी टोपी दिसते का? दिसते. मीही तेच म्हणालो होतो, दिसतंय ना, मग झालं.

आता तुमच्यापासून त्या टोपीपर्यंत मनात एक दोरा ताणा, गवंड्याच्या ओळंब्याला असतो तसा. नजरेला एवढी वाट पुरते. आपण पाठवणार ती लहर मात्र वेगळी आहे. सेकंदाला ५८० कोटी हेलकावे, आणि एका हेलकाव्याची लांबी जेमतेम ५ सेंटीमीटर. ती दोऱ्यावरून तोल सांभाळत जात नाही. पसरते. थोडी वरून जाते, थोडी खालून, थोडी डाव्या-उजव्या बाजूने, आणि पलीकडे पोचल्यावर हे सगळे भाग पुन्हा एकमेकांत मिसळतात. ज्यांची वाट सरळ दोऱ्याहून अर्ध्या लहरीपेक्षा जास्त लांबत नाही, ते एकमेकांना साथ देतात. अर्धी लहर म्हणजे अडीच सेंटीमीटर.

आठशे मीटरांत अडीच सेंटीमीटर. दोऱ्याला तेवढाच ढील द्या आणि तो मधोमध चिमटीत धरून वर उचला. किती उचलला जाईल?

सांगण्याआधी थोडं थांबतो. तुमचा अंदाज होऊ द्या.

तीन मीटरांहून जास्त. नेमकं सांगायचं तर ३.२. मला हे खोटं वाटलं होतं, म्हणून शाळेच्याच फळ्यावर काटकोन त्रिकोण काढून पाहिला, तेव्हा कुठे पटलं. टोकांशी नखाएवढा वाटणारा ढील मध्यावर एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहील एवढी जागा मागतो. वर मागतो तशीच खाली, आणि दोन्ही बाजूंनाही. म्हणजे दोन गच्च्यांच्या मध्ये दोरा नाही, मृदंग आहे. टोकांशी निमुळता, पोटाशी फुगलेला, ८०० मीटर लांब आणि पूर्ण रिकामा. थोडंफार आत घुसलेलं चालतं, पण दोऱ्यापासूनची निदान साठ टक्के जागा, आपल्या बाबतीत मध्यावर १.९ मीटर, चहूबाजूंनी मोकळी लागते.

तो मृदंग आता समोरच्या हवेत ठेवून बघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर सावकाश न्या. मधोमध कुठे अडते?

आंब्यावर. माझीही तिथेच अडली, पण डिश लावून झाल्यावर.

या मृदंगाला फ्रेनेलचं नाव आहे. ऑगस्तँ फ्रेनेल हा फ्रान्समधला रस्ते-पुलांचा इंजिनिअर, सतत आजारी. १८२७ साली क्षयाने गेला तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. रेडिओ लहरींचा त्या काळी पत्ताच नव्हता. तो पाहत होता सावलीची कड. उजेड कडेपाशी थोडा वळतो, हे त्याने गणितात बसवलं. प्वासाँ या गणितज्ञाला ते पटेना. तो म्हणाला, हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोब्बर मध्यावर उजेडाचा ठिपका पडायला हवा, आणि असं कधी होतं का? आरागो या शास्त्रज्ञाने प्रयोग करून पाहिला. ठिपका होता. खोडून काढायला निघालेला माणूस पुरावा देऊन गेला, हे मला फार आवडतं.

परत आंब्याकडे येऊ. खोड आपल्या वाटेत नाही, शेंडा आहे. पानांचा एक हिरवा गठ्ठा मृदंगाच्या पोटात खालून शिरलेला. पानं म्हणजे मुख्यतः पाणी, आणि पाणी ही लहर शोषतं. कोरड्या दिवसांत लिंक चालायची, पाऊस पडून पान ओलं झालं की कोसळायची. पाऊस थांबल्यावरही तासभर तशीच, कारण अडवत होता तो पाऊस नव्हेच. या वारंवारितेला ८०० मीटरांतला पाऊस जवळपास जाणवत नाही. अडवत होतं ते पानांवर साचलेलं पाणी.

शेंडा छाटावा असं सगळ्यांचं मत पडलं. आंबा ज्यांचा त्या आजी म्हणाल्या, "मोहराच्या फांद्या हत त्या. तुमचाच बांबू वर घ्या की." त्यांचं बरोबर होतं. आम्ही दोन्हीकडे जीआय पाइप दहा-दहा फूट वर घेतला आणि वाऱ्याने हलू नये म्हणून तिन्ही बाजूंनी तारेचे ताण दिले. (पाइप ओळंब्यात हवा. तो कलला असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना नकळत वर-खालीही होते, आणि मग संध्याकाळ जाते.) अर्थिंग केलं. केबल आत शिरण्याआधी तिला खाली एक झोल दिला, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं.

अंतर वाढलं की झाडाच्या जोडीला पृथ्वीही आड येते. आपल्या ८०० मीटरांत तिचा फुगवटा सव्वा सेंटीमीटर, विसरण्यासारखा. पण २००७ साली एर्मान्नो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या साथीदारांनी व्हेनेझुएलात ३८२ किलोमीटरवर वाय-फाय पोचवलं, तिथे मधली जमीन सरळ रेषेच्या मानाने सुमारे २.९ किलोमीटर वर येते. म्हणून दोन्ही टोकं डोंगरांवर. आजींचा सल्ला तिथेही लागू पडला म्हणायचा.

आता डिशला हात लावा. बोल्ट सैल, पण पडेल इतका नाही. पलीकडच्या गच्चीवर वायरमनचं काम शिकणारा एक मुलगा आहे, माझाच जुना विद्यार्थी. फोन कानाला. स्क्रीनवरचा सिग्नलचा आकडा तो वाचणार (उणे जितका कमी, तितका सिग्नल जोरदार), तुम्ही डिश केसभर फिरवणार. इथे एक अंश चुकला तर तिकडे १४ मीटरांनी चुकतो.

"सर, उणे ब्याऐंशी."

थोडं डावीकडे.

"अठ्ठ्याहत्तर. चौऱ्याहत्तर. थांबा सर, आता उतरला. मागं घ्या. हां, चौऱ्याहत्तर."

दोन्ही बाजूंना उतरतो म्हणजे हेच शिखर, असं वाटतं. मीही पान्हा फिरवून बोल्ट कसला होता. तुम्ही कसू नका. पान्हा खाली ठेवा. प्रत्येक डिशला मुख्य झोताच्या बाजूंना लहान झोत असतात, आणि त्यांनाही आपापलं शिखर असतं. गणिताने उणे ५२ च्या आसपास सांगितलं होतं. म्हणून उतार लागला तरी पुढे जा. आकडा आधी बिघडेल. ब्याऐंशी, पंच्याऐंशी, एकदा संपर्कच तुटेल. हात थरथरेल, तरी जा.

"सर... एकसष्ट. सत्तावन्न. चोपन्न!"

चौऱ्याहत्तर आणि चोपन्न यांतला फरक वीसचा दिसतो, पण या मोजपट्टीवर तो शंभरपट आहे. मधला तो उतार टाळला म्हणून आम्ही महिनाभर शंभराव्या हिश्श्यावर राहिलो होतो.

आता बोल्ट कसा, आळीपाळीने, आकडा हलू न देता. आणि तो आकडा जरा वेळ मनात धरा. इथून निघाले ४० मिलिवॅट, तिथे पोचले सुमारे चार अब्जांश वॅट. एक कोटीतला एक भाग. बाकी सगळं ओढ्यावर, शेतांवर, आकाशात सांडलं. वसतिगृहातल्या मुलांना व्हिडिओवर धडा बघायला तो एक भाग पुरतो.

दोन्ही डिश एकाच वाहिनीवर आहेत, त्यामुळे एकाच वेळी बोलू शकत नाहीत. एक बोलते, दुसरी ऐकते, मग उलट, सेकंदात शेकडो वेळा. बोलण्याआधी कान देतात, कारण वारंवारितांचा हा पट्टा गायरानासारखा आहे. भारतात २०१८ च्या अधिसूचनेनंतर ठरलेल्या शक्तीच्या आत इथे कुणालाही परवान्याशिवाय बोलता येतं. शेजारच्या काही वाहिन्यांवर तर उपकरणाला आधी पूर्ण एक मिनिट गप्प राहून रडारचा आवाज येतो का ते ऐकावं लागतं. ते एक मिनिट आत्ता तुम्हीही घ्या.

अंधार पडत आलाय. समोरची टाकी दिसेनाशी झाली, मग इमारतही. आंब्याचा शेंडा तेवढा आकाशावर काळा उरलाय, आपल्या मृदंगाच्या हातभर खाली. ओढ्यावरून एक वटवाघूळ उठतं, शेंड्यावरून घिरटी घालतं आणि त्या रिकाम्या पोटातून आरपार जातं. फोनवरून मुलगा अजून आकडा वाचतोय.

"चोपन्न, सर. चोपन्नच."