यष्टीमागचा माणूस

क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघात प्रत्येक चेंडूला सारखेच सिद्ध असावे लागते, असा मनुष्य एकच. तो म्हणजे यष्टिरक्षक. गोलंदाज षटक संपताच विसावतो. हा मात्र ९० षटकांच्या दिवसात ५४० वेळा बसतो आणि उठतो. त्याने बिनचूक धरलेल्या चेंडूंची नोंद धावफलकावर होत नाही. हातून निसटलेल्या चेंडूची मात्र ‘बाय’ म्हणून होते. ज्या कामाचा दोष तेवढा दिसतो आणि गुण दिसत नाही, त्याचे मोल कसे करावे, हा प्रश्न आम्हांस केवळ खेळापुरता वाटत नाही.

मुंबईचे नरेन ताम्हाणे १९५५ ते १९६० या काळात २१ कसोटी सामने खेळले. त्यांत त्यांनी ३५ झेल घेतले आणि १६ फलंदाज यष्टिचीत केले. सुभाष गुप्ते यांच्या फिरकीने फलंदाज चकला, तरी ताम्हाण्यांचे हात तत्पर नसते तर तो बाद झाला नसता. पण फलंदाजीत त्यांची सरासरी दहाच्या आसपास, आणि लोक धावाच मोजतात. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीत यष्टीमागे जनार्दन नवले उभे होते. त्या सामन्याचे कर्णधार सी. के. नायडू यांचे नाव पुष्कळांस ठाऊक आहे. नवल्यांचे किती जणांस?

कोणी म्हणेल, फलाची आशा न धरता कर्म करावे, ही तर आपली शिकवण. ती मान्य आहे. परंतु ती कर्त्याने स्वतःस सांगावयाची आहे. ज्याने त्या श्रमाचा लाभ घेतला, त्यानेच ती दुसऱ्यास ऐकवावी, हा कृतघ्नपणा होय. कर्त्याची निरपेक्षता हे त्याचे भूषण. तेवढ्याने आमचे ऋण फिटत नाही.

आमच्या रत्नागिरीस रत्नदुर्गाच्या बाजूस दीपगृह आहे. पूर्वी असे दिवे रात्रभर जागविणाऱ्यांची नावे सुखरूप गेलेल्या गलबतांनी कधी विचारली नसतील. घरातही तेच घडते. आमटीत मीठ अधिक पडले की ताटावरचे सर्व जण बोलतात. वर्षभर ते नेमके पडत होते, याची आठवण कोणास होत नाही. बिनबोभाट चाललेल्या कामामागे कोणाचे तरी हात असतात. ते कोणाचे, हे आपण होऊन विचारणे, हे आम्ही उपकार नव्हे, कर्तव्य समजतो.