अधिकार कशासाठी?

एका खेड्यातील मंडळीच्या बंधूने आम्हांस असे विचारले आहे की, प्रतिष्ठित पाहुणे आले म्हणजे आमचे उपदेशक गरीब सभासदांच्या पंगतीतून उठतात व त्यांच्यासह आत वेगळे जेवतात. तर आम्ही त्यांस बोलावे की गप्प राहावे? ते देवाचे नेमलेले, आम्ही अडाणी. बोललो तर पाप लागेल काय? या प्रश्नाच्या मुळाशी भय आहे, म्हणून उत्तर टाळणे बरे नव्हे.

असाच प्रसंग अंत्युखियात घडला. पौलाने तो गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्वतः सांगितला आहे. शिष्यांस ख्रिस्ती हे नाव प्रथम मिळाले ते याच शहरात. तेथे यहूदी व परराष्ट्रीय विश्वासणारे एका पंगतीस बसत. पेत्र आला तेव्हा तोही त्यांच्याबरोबर जेवू लागला. पुढे याकोबाकडील काही माणसे आली आणि पेत्र भ्याला. तो मागे सरला, वेगळा राहू लागला. त्याचे पाहून इतर यहूदीही सरले; बर्णबासारखा माणूससुद्धा त्या ढोंगात ओढला गेला. पेत्राने खोटा उपदेश केल्याचे पौल म्हणत नाही. त्याने केवळ आपले पान हलविले. परंतु ज्यांच्या शेजारचे पान हलले त्यांस त्यातून कोणता उपदेश झाला असेल, हे आमच्या वाचकांस समजावून सांगणे नलगे. वेगळ्या पंगतीचा अर्थ आपण पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो.

पौलाने त्यास सर्वांसमक्ष तोंडावर अडविले. पेत्र प्रभूबरोबर फिरलेला. पौल मागून आलेला, पूर्वी मंडळीचा छळ करणारा. शिवाय विश्वास धरल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमास जाऊन पेत्रापाशीच 15 दिवस राहिला होता. तेव्हा बोलणे सोपे नव्हते. तरी त्याने पेत्राचा अधिकार नाकारला असे कोणी समजू नये. त्याच अध्यायात तो त्यास मंडळीच्या स्तंभांत गणतो, व सुंता झालेल्यांतील सेवा देवाने त्यास सोपविली हे कबूल करतो. करिंथकरांस लिहिताना पौल आपल्याही अधिकाराविषयी हेच सांगतो की, प्रभूने तो मंडळीच्या उभारणीसाठी दिला, मोडतोडीसाठी नव्हे. अंत्युखियात मंडळी दुभंगत होती. तेथे गप्प राहणे हा पेत्राचा मान नव्हता.

कफर्णहूमच्या शताधिपतीची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आपल्या हाताखाली शिपाई आहेत हे सांगण्यापूर्वी, आपण स्वतः दुसऱ्याच्या ताबेदारीत आहोत, हे तो सांगतो. पोलिसाच्या डगल्यास लोक मानतात ते तो सरकारचा म्हणून. तोच डगला घालून पोलीस घरचे भांडण जिंकू पाहील तर त्यास कोण मानील? जो उपदेशक म्हणतो, मला विचारणारा या गावात कोणी नाही, त्याने आपण कोणाच्या हाताखाली आहोत हे आधी आठवावे.

आता बंधूंसही दोन शब्द. बोलण्यापूर्वी आपले मन तपासा. पुष्कळदा सुवार्तेच्या नावाखाली शेताच्या बांधाचे जुने भांडणच बोलत असते. तसेच चावडीवर चर्चा करू नका; प्रभूने सांगितल्याप्रमाणे प्रथम एकट्याने, त्यांच्या घरी जाऊन बोला. पौल सर्वांदेखत बोलला हे खरे. पण तेथे सगळी मंडळी वाकड्या वाटेने निघाली होती.

आणि उपदेशकाचे भयही समजून घ्या. गावात त्याचे घर बहुधा एकटे. मुलांच्या शाळेसाठी, विहिरीच्या पाण्यासाठी, दाखल्यासाठी त्यास मोठ्या माणसांची मर्जी राखावी लागते. आम्हीही मोठ्यांच्या देखत आपले पान पुष्कळदा हलविले आहे, आणि तेव्हा कोणी बोलले नाही याचे आम्हांस आज वाईट वाटते.

पेत्राने पौलास काय उत्तर दिले ते पत्रात नाही. पेत्राच्या नावाच्या दुसऱ्या पत्रात मात्र, अगदी शेवटी, पौलाचा उल्लेख आला आहे, आणि तेथे त्यास प्रिय बंधू म्हटले आहे.