वेचणाऱ्या बाईची कंबर

‘दिवसभर वावरात राबते, तिला आणखी व्यायाम कशाला?’ असं आमच्या वऱ्हाडात इतक्या सहज बोललं जातं, की त्यातली चूक कोणाच्या ध्यानात येत नाही. मेहनत झाली म्हणजे व्यायाम झाला, हा हिशेब शरीराला मान्य नाही.

कापसाची वेचणी बघा. पऱ्हाटीची खालची बोंडं गुडघ्याच्याही खाली असतात. बाई कमरेतून वाकते, दोन्ही हातांनी कापूस वेचते, पोटाशी बांधलेल्या ओटीत टाकते आणि तशीच वाकलेली पुढच्या झाडाकडे सरकते. माणूस पूर्ण वाकला, की कण्यालगतचे उभे स्नायू जवळजवळ काम थांबवतात आणि धडाचा बराच भार कण्यामागच्या अस्थिबंधांवर येतो. तासन्‌तास ताण पडला, की हे अस्थिबंध सैलावतात. बाई सरळ उभी राहिली तरी ते लगेच पूर्ववत होत नाहीत. मजुरी किलोवर, म्हणून संध्याकाळपर्यंत वाकून वेचायचं आणि उठल्या उठल्या गाठोडं उचलून डोक्यावर घ्यायचं. कण्याचा आधार ढिला झालेला असतो, नेमकं तेव्हाच दिवसातलं सगळ्यात मोठं ओझं. मग उसण भरते, आणि बोल लागतो वयाला.

मणक्यांमधल्या चकत्यांचंही तसंच. मोठ्या माणसाच्या चकतीत आत रक्तवाहिन्या जवळपास नसतात; लगतच्या हाडातून जे झिरपेल त्यावर ती जगते. ओला स्पंज दाबावा आणि सोडावा, तशी हालचालीने तिच्यातल्या पाण्याची ये-जा होते. एकाच बाजूने दाबून धरलेल्या चकतीला ही उसंत मिळत नाही. सूर्यनमस्कारात कणा पुढे वाकतो, मग मागे वळतो, पुन्हा पुढे येतो. व्यायामात उलटी हालचाल असते, विसावा असतो, ताकद वाढेल तसा भार वाढवता येतो. वेचणीत यातलं काहीच बाईच्या हाती नाही.

हे ज्ञान आपल्याकडे नाही असं थोडंच आहे! अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळ करून दाखवले. मल्लखांबावर मांडीच्या आतल्या स्नायूंनी खांब आवळून धरणारी पोरं बघितली, की शरीर काय काय शिकू शकतं याची खात्री पटते. मला या परंपरेचा मनापासून अभिमान वाटतो. म्हणूनच ती मैदानाच्या कुंपणापाशी थांबलेली बघवत नाही. गावच्या शाळेत पी.टी.च्या तासाला पोरांकडून उठाबशा मोजून घेतात. त्याच तासाला कणा कसा वाकतो हे शिकवलं, तर ते ज्ञान संध्याकाळी आईपर्यंत जाईल. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही वाण निवडताना उताऱ्याच्या जोडीला खालचं बोंड जमिनीपासून किती उंच लागतं, हे बघावं. त्या वितीवर कोणाची तरी कंबर अवलंबून असते.

तोवर करण्यासारखं साधं आहे: अधूनमधून उभं राहून, कमरेवर हात ठेवून हलकेच मागे झुकायचं, वेचणी थांबली की थोडं चालायचं, आणि मगच दोघींनी मिळून गाठोडं उचलायचं. पण किलोच्या मजुरीत असं प्रत्येक थांबणं बाईच्या खिशातून जातं. कापसाचा भाव बघता शेतकऱ्यालाही ते जड आहे, हे मी जाणतो. तरी हा वेळ त्याने मजुरीत धरावा, असंच मी म्हणेन.